नेव्हिल ॲब्लेट निवडून आला

नेव्हिल ॲब्लेट हा माणूस भयंकर भिडस्त. ऑटरशम गावाच्या मिल एंड भागात त्याचं सोफे-खुर्च्या दुरुस्तीचं दुकान आणि त्याला लागून माझं बूट दुरुस्तीचं आणि किल्ल्या करून देण्याचं. चर्चमध्ये घंटा वाजवायला माणूस कमी पडला, नेव्हिल गेला. कोपऱ्यावरचं ग्रीव्ह कुटुंब पंधरा दिवस स्पेनला जाताना त्यांचं मांजर याच्याकडे ठेवून गेलं, ते मांजर सहा वर्षांनी याच्याच घरी म्हातारं होऊन मेलं. तेव्हा रोझलिंड हेबनं त्याला गाठलं यात नवल नव्हतं.

रोझलिंड दुसऱ्या एका वॉर्डाची नगरसेविका, आणि आमच्या गावातल्या एका लहानशा पक्षाचं सगळं तीच बघायची. मिल एंड वॉर्डात त्या पक्षाला कुत्रं विचारत नव्हतं. मार्चमधल्या एका सकाळी मी नेव्हिलकडे चहाला बसलो होतो, तेवढ्यात ती आली.

"नेव्हिल, मला फक्त तुझं नाव हवंय."

"नावाचं काय करणार?"

"मतपत्रिकेवर छापणार. मिल एंडला आमचा उमेदवारच नाही. बरं दिसत नाही ते."

"आणि निवडून आलो तर?"

रोझलिंड इतकी हसली की तिच्या हातातला चहा नुकत्याच मढवलेल्या खुर्चीवर सांडला. "मागच्या वेळी आम्हाला एकसष्ट मतं पडली. तू काही करायचं नाहीस. पत्रकं वाटायची नाहीत, कुणाचं दार वाजवायचं नाही. सही कर आणि विसरून जा."

त्यानं सही केली. मग खुर्चीवरचा डाग पुसत बसला.

त्याची बायको डोरीन दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात किल्ली करून घ्यायला आली. म्हणाली, "ऐकलंत का? घरातला नळ महिनाभर गळतोय, आणि हा गाव चालवायला निघालाय."

मिल एंडचा नगरसेवक होता मॅल्कम थर्कल. सोळा वर्षं तोच. भला माणूस, पण जिभेवर ताबा नाही. एप्रिलमध्ये पोहण्याचा तलाव बंद करण्यावरून सभा झाली, तेव्हा तो म्हणाला, "ज्यांना पोहायचंय त्यांच्यासाठी समुद्र आहे की." आमच्यापासून समुद्र गाडीनं दीड तास. दोनच दिवसांत हे वाक्य घरोघरी पोचलं. लोक चिडले, पण चिडलेली माणसं मत कुणाला देणार, याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नाही.

मे महिन्यातल्या त्या गुरुवारी मी आणि नेव्हिल बरोबरच मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये जाऊन मत देऊन आलो. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय, दिलंस स्वतःला?"

"छे! मॅल्कमला दिलं. इतकी वर्षं करतोय बिचारा. आणि स्वतःच्याच नावापुढे मताची फुली मारायची म्हणजे कसंसंच वाटतं."

शुक्रवारी सकाळी मतमोजणी होती, क्रीडा संकुलाच्या मोठ्या हॉलमध्ये. उमेदवाराला सोबत एक माणूस नेता यायचा. डोरीन म्हणाली, "हरायला जोडीनं कशाला जायचं?" म्हणून मी गेलो. नेव्हिलनं थर्मासमध्ये चहा घेतला होता. जेवायच्या वेळेला परत यायचं, असं ठरलं होतं, कारण त्याला एक सोफा पोचवायचा होता.

हॉलमध्ये लांबलचक टेबलं मांडली होती. मोजणारी माणसं मतपत्रिकांचे गठ्ठे करून रबर लावत होती आणि समोर पक्षांची माणसं छातीला फिती लावून वाकून वाकून बघत होती. नेव्हिलला फीत दिली होती, ती त्यानं खिशात ठेवली. आम्ही मागे भिंतीपाशी उभे राहून चहा प्यायलो. मग रोझलिंड लगबगीनं आली. तिचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला.

"नेव्हिल, तुझे गठ्ठे बघितलेस?"

"माझे कुठले?"

आम्ही टेबलापाशी गेलो. दोन ढीग होते, जवळजवळ सारखे. नेव्हिलनं माझा दंड धरला. 

"हे बरोबर नाही," तो हळूच म्हणाला. "यांची काहीतरी चूक होतेय."

मॅल्कमलाही तसंच वाटलं असावं. त्यानं फेरमोजणी मागितली. दुसऱ्यांदा मोजेपर्यंत नेव्हिल एका बाकावर बसून राहिला. मला म्हणाला, "मतपत्रिकेवर माझं नाव सगळ्यात वर होतं. आडनाव 'ए'नं सुरू होतं म्हणून. लोकांनी रागारागात पहिल्याच नावावर फुली मारली. दुसरं काही नाही." मला ते पटलं, पण तसं बोलून काय उपयोग होता?

निवडणूक अधिकारी मंचावर चढल्या आणि त्यांनी आकडे वाचले. ॲब्लेट, नेव्हिल जॉन, चारशे बारा. थर्कल, मॅल्कम, चारशे तीन. टाळ्या वाजल्या. रोझलिंड रडत होती. तिच्या पक्षाला इतक्या वर्षांत प्रथमच मिल एंड मिळालं होतं.

मॅल्कमनं येऊन हात मिळवला. "अभिनंदन. तू एकदा तरी कुणाच्या दारात गेलास का रे?"

"नाही," नेव्हिल म्हणाला. "मॅल्कम, खरं सांगतो, मी तुलाच मत दिलं."

मॅल्कमनं छातीवरची फीत काढली. "मग अजून दहा जणांना सांगायचं होतंस," एवढं बोलून तो कोट घालून निघून गेला.

परतताना रोझलिंडच्या गाडीत बसल्यावर नेव्हिलनं विचारलं, "रोझलिंड, राजीनामा देता येतो का?"

"येतो. मग पोटनिवडणूक. त्याचा खर्च गावाच्या डोक्यावर. आणि तलावाच्या रागापायी ज्यांनी तुझ्यावर विश्वास टाकला, त्यांना काय सांगशील?"

विश्वास म्हटल्यावर राजीनाम्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. सोफा पोचवायचा राहिला, तो मी आणि डोरीननं नेला.

मग लोक यायला लागले. दुकानात, रस्त्यात, घंटा वाजवून झाल्यावर चर्चच्या जिन्यात. रविवारची बस बंद झालीय, काहीतरी करा. डॉक्टरकडे नंबर लागत नाही. खाटीक तर त्याला बघितल्याबरोबर ओरडायचा, "काय साहेब! माझ्या दारातला खड्डा आता तुमच्या कमरेपर्यंत आलाय!" नेव्हिल चौकशी करायचा, तर बस काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कौन्सिलकडे, खड्डे काउंटीकडे, डॉक्टर आणखी तिसऱ्याकडेच. तलाव आधीच कुलूप लावून विकायला काढलेला. ज्या माणसाला कधी कुणाला नाही म्हणता आलं नाही, त्याच्या तोंडी आता एकच वाक्य राहिलं, "ते आमच्याकडे नाही हो." प्रत्येक वेळी ते म्हणताना त्याची मान खाली जायची.

दुसऱ्या वर्षी शरदात मिसेस क्रॅस्क त्याच्या दुकानात आल्या. वय शहाऐंशी, नेव्हिलच्या आईची मैत्रीण. लार्क कोर्टमध्ये राहायच्या. म्हाताऱ्या माणसांसाठी आमच्या गावच्या कौन्सिलनं बांधलेली ती छोटी छोटी घरं, मधे बाग, एक सामाईक खोली. छप्पर गळतं, बॉयलर जुना झालाय, म्हणून ते बंद करायचं घाटत होतं.

"नेव्हिल, हे तरी तुमच्याकडे आहे ना रे बाळा?"

"आहे," तो म्हणाला. "हे आमच्याकडेच आहे." एखाद्या पोराला परीक्षेत येणारा प्रश्न सापडावा, तसा त्याचा चेहरा उजळला होता.

दोन महिने त्यानं दुसरं काही केलं नाही. लार्क कोर्टच्या प्रत्येक घरात जाऊन बसला. छपरावर चढला. अधिकाऱ्यांना भेटला, ते नम्रपणे बोलायचे, कॉफी द्यायचे. दुकानात खुर्च्या उघड्या पडून राहिल्या. डोरीन मला म्हणाली, "आता ओरडावंसंही वाटत नाही हो. इतक्या मनापासून करतोय."

सभेच्या दिवशी मी मिसेस क्रॅस्कना घेऊन प्रेक्षकांच्या रांगेत बसलो. नेव्हिलला बोलायला तीन मिनिटं होती. त्यानं लिहून आणलेला कागद खाली ठेवला आणि तसाच बोलला. कुठल्या घरात कोण राहतं, कुणाला दिसत नाही, कुणाला कोण दूध आणून देतं. अध्यक्षांनी त्याचे आभार मानले आणि मतं घेतली. बंद करण्याच्या बाजूनं चोवीस हात वर झाले. त्यात रोझलिंडचाही होता. विरोधात सात.

बाहेर व्हरांड्यात रोझलिंड त्याला म्हणाली, "पैसे नाहीत, नेव्हिल. तूच सांग, छप्पर कशानं घालू?"

 त्यानं आकडे पाहिले होते. पैसे खरंच नव्हते.

मिसेस क्रॅस्कनी त्याच्या कोटाची बाही ओढली. "छान बोललास हो. मला मागे नीट ऐकू आलं नाही, पण उभा मात्र अगदी आईसारखा ताठ होतास."

वसंतात घरं रिकामी झाली. मिसेस क्रॅस्कना शेजारच्या ब्रॅमवर्थ गावात जागा मिळाली, तिसऱ्या मजल्यावर. नेव्हिलनं आपल्या व्हॅनमधून त्यांचं सामान नेलं. मी पेट्या उचलायला होतो. सगळं लागल्यावर म्हाताऱ्या बाई खिडकीपाशी बसल्या. खाली गाड्या लावायची जागा दिसत होती.

"पुढच्या वेळी इथून तुला मत देता येईल ना रे?"

"नाही येणार. इथलं कौन्सिलच वेगळं आहे."

"मग इथला नगरसेवक कोण आहे?"

नेव्हिलला माहीत नव्हतं. "विचारून कळवतो," तो म्हणाला. त्यांनी मान हलवली आणि आम्हाला बिस्किटं घ्यायला लावली.

व्हॅनमध्ये बसल्यावर त्यानं किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. "सहाला समितीची बैठक आहे," तो म्हणाला.

"कसली?"

"कचऱ्याच्या डब्यांची झाकणं कुठल्या रंगाची असावीत याची."

"नको जाऊस मग आज."

"नाही रे," तो म्हणाला. "माझं नाव आहे तिथं." आणि त्यानं गाडी सुरू केली.