लालबागच्या खडकावरची प्रार्थना

आमच्या घरात मूल पहिलीत गेलं की पप्पा त्याला लालबागला नेत. मुंबईचं लालबाग नव्हे, बंगळूरचं. झाडांनी भरलेली मोठी बाग आणि तिच्यात उघडा पडलेला एक अवाढव्य खडक. इतरांचे वडील मुलांना तिथलं फुलांचं प्रदर्शन दाखवत, आमचे दगड दाखवत. ते सरकारी खात्यात भूवैज्ञानिक होते. मूळचे नगरकडचे, चौथ्या पिढीचे ख्रिस्ती. खडकावर चढलं की चपला काढायला लावायचे, तळहात टेकवायला सांगायचे आणि म्हणायचे, "हा तीनशे कोटी वर्षांचा आहे. देवाला घाई नव्हती." मग तिथंच डोळे मिटून मोठ्या आवाजात प्रार्थना. फिरायला आलेली माणसं वळून बघत. मला मेल्याहून मेल्यासारखं होई. ताई माझ्याहून बरीच मोठी; तिच्या वेळी म्हणे ती खाली उतरायलाच तयार नव्हती.

पप्पा रोज सकाळी पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचत आणि मग डबा घेऊन दगडांची वयं काढायला ऑफिसात जात. या दोन कामांचं आपसात भांडण आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते ताईनं सांगितलं, अमेरिकेतून.

ताईचं लग्न पुण्याच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका इंजिनियरशी झालं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती तिकडे गेली. एका लहानशा गावात, जिथं मैल मैल मका आणि आपलं म्हणावं असं कुणी नाही. पहिल्याच हिवाळ्यात तिचं बाळ पोटातच दगावलं. आईचा व्हिसा झाला नाही. आम्ही इकडे बंगळूरला, बनशंकरीतल्या घरात फोनभोवती बसून रडलो, याहून जास्त काही करू शकलो नाही. त्यानंतर तिच्या बोलण्यात तिथलं चर्च येऊ लागलं. आधी कौतुकानं, मग ठामपणे, आणि पुढे पुढे तर दुसरं काही येईचना.

तिथल्या निवडणुकीच्या सुमारास तिचे फोन म्हणजे जाहीर सभा. शाळांतून प्रार्थना काढून टाकली, गर्भपाताला कायद्याचं छत्र दिलं, मुलांना शिकवतात की माणूस आपोआप झाला. विश्वासणाऱ्यांनी आता मतपेटीतून देश परत मिळवला पाहिजे. भाऊजींना तिथं मत नव्हतं, तरी ते शनिवारी दारोदार पत्रकं वाटत. इथं असताना याच माणसानं मतदानाची सुट्टी पांघरूण ओढून काढली होती! पप्पा सगळं ऐकून घेत. पोटातल्या जिवाबद्दल ते तिच्याशी सहमतही होते. पण एकदा ती म्हणाली, "पप्पा, हा ख्रिस्ती देश आहे, तो ख्रिस्तीच राहायला हवा," तेव्हा ते म्हणाले, "अगं, इथंही लोक असंच म्हणायला लागलेत, देश आमच्याच धर्माचा म्हणून. मग मी कुठं जाऊ?"

"ते वेगळं, पप्पा."

"कसं वेगळं?"

चर्चला निघायचंय म्हणत तिनं बोलणं आवरलं. पप्पांनी फोन ठेवला आणि बराच वेळ हात त्याच्यावरच ठेवून बसले. आम्हाला ताई हवी होती आणि येत होती तिची मतं. मी चिडायचे. आई म्हणायची, "मतं तर मतं. आवाज तर तिचाच आहे ना?"

त्या दशकाच्या शेवटाकडे एका नाताळाला ती आली. भाऊजींना रजा नव्हती. ती आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा. त्याला शाळेत घातलं नव्हतं, ताई त्याला घरीच शिकवत होती. मराठी त्याला येत नव्हती. 'आजोबा' एवढा एकच शब्द, तोही असा तोंड भरून म्हणायचा की पप्पा मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाऊन बसत, पुन्हा हाक यावी म्हणून. आणि गंमत म्हणजे पोराला दगडांचा नाद. शेजारच्या कानडी अक्कांच्या अंगणातली सगळी खडी त्यानं चार दिवसांत घरात आणली. पप्पांनी आपलं भिंग त्याच्या हातात दिलं. मी पप्पांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी नाश्त्याला पप्पा म्हणाले, "आज लालबाग." ताईनं पोह्यांची बशी खाली ठेवली.

"घेऊन जा, पप्पा. पण त्याला त्या खडकाचं वय सांगू नका."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "म्हणजे काय? तीस वर्षं त्यांनी जे काम केलं ते नातवाला सांगायचं नाही?"

"तू थांब," पप्पा मला म्हणाले. मग तिला, "का गं?"

ताई भांडायला उठली नव्हती. तिचा आवाज मऊ होता आणि त्यानंच मला जास्त राग येत होता. "आम्ही त्याला शिकवतो की देवानं सहा दिवसांत सगळं केलं, आणि त्याला काही हजार वर्षं झाली. पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानावर मी त्याला सांगितलं की हे असं धरायचं नसतं, तर मग कुठल्या पानापासून विश्वास ठेव म्हणून सांगू? उद्या हा एकटा पडेल कुठंतरी. तेव्हा त्याच्या हाताला धरायला काहीतरी पक्कं हवं. मी एकटी पडले होते, मला माहीत आहे."

"एकटी का? आम्ही होतो," पप्पा म्हणाले.

"तुम्ही फोनवर होतात, पप्पा. चर्चची माणसं माझ्या स्वयंपाकघरात होती. माझी भांडी घासत होती."

आई उठून आत गेली. पप्पांनी चहाचा कप बाजूला सारला. मग कानडीत कुणाला म्हणावं तसं नुसतं म्हणाले, "सरी." म्हणजे बरं. "नाही सांगणार."

मला वाटलं आता जाणंच रद्द होईल. पण पप्पा चपला घालून दारात उभे. रिक्षात ताई, मी आणि पप्पांच्या मांडीवर नातू.  वाटभर पोर रिक्षाच्या हॉर्नची नक्कल करत होतं.

खडकावर ऊन होतं. पप्पांनी सवयीनं चपला काढायला लावल्या. पोरानं तळहात टेकवला, मग गाल टेकवला, मग इंग्रजीत विचारलंच, "आजोबा, हा किती जुना आहे?"

 ताई दुसरीकडे बघत होती.

"खूप," पप्पा त्याला इंग्रजीत म्हणाले. "माझ्याहूनसुद्धा." पोर खदखदून हसलं. पप्पांनी शब्द पाळला होता, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे माझ्यानं बघवेना. एवढी वाट पाहून हाती आलेला एकुलता एक श्रोता, आणि सांगायचं तेच गिळून टाकायचं. मला ताईचा मनापासून राग आला.

मग पप्पांनी डोळे मिटले. प्रार्थना ते नेहमी मराठीतच करत.

"देवा बापा, तीनशे कोटी वर्षं तू हा खडक एका जागी सांभाळलास, त्याबद्दल तुझे उपकार मानतो. माझी लेक मात्र तू एवढ्या लांब ठेवलीस. तिच्या अडचणीत मी पोचलो नाही, दुसरी माणसं पोचली. त्यांचं भलं कर. त्यांचे आणि माझे विचार जुळत नाहीत, ते तू बघून घे. हे लेकरू मोठं होईल तेव्हा मी असेन की नाही, तुला ठाऊक. त्याला सांभाळ. त्याच्या आईलाही सांभाळ. येशूच्या नावानं मागतो, आमेन."

आता आम्ही आमेन म्हणायचं होतं. माझं तोंड उघडेना. पोरानं शब्द एकही न कळता जोरात 'आमेन' म्हटलं; एवढं त्याला माहीत होतं. ताई काहीच म्हणाली नाही. तीनशे कोटी हा आकडा तिनं ऐकला होता, आणि ज्या प्रार्थनेत तो होता तिला ती आमेन म्हणेल की नाही, याची पप्पा डोळे मिटूनच वाट बघत होते.  किती वेळ गेला कोण जाणे. मग ताईचं 'आमेन' आलं, अगदी बारीक.

"आजोबा काय म्हणाले?" पोरानं तिला इंग्रजीत विचारलं.

ताईनं पदरानं डोळे पुसले. "म्हणाले, आपण फार लांब राहतो."

त्यानं जरा विचार केला. "मग देवाला सांगायचं ना, आपल्याला जवळ आण म्हणून."

"तेच सांगितलं त्यांनी," ताई म्हणाली.

पप्पांनी असं काही मागितलं नव्हतं. मी शब्द न् शब्द ऐकला होता. त्यांनी ताईकडे पाहिलं आणि दुसऱ्यांदा आमेन म्हणाले.