उपाशी माशांची लस

आरोग्याच्या इतिहासात असे क्षण येतात की सारी सृष्टी तोंड उघडून उभी राहते. त्या सकाळी मोहालीपलीकडच्या एका तळ्यात तोंड फक्त रोहू माशांनी उघडायचं होतं. तेवढंच त्यांनी केलं नाही.

चंडीगडला मी मावसबहिणीकडे, सुनंदाताईकडे गेलो होतो. मूळची सांगलीची, तिथे माशांच्या रोगांवर संशोधन करते. गेल्या उन्हाळ्यात त्या तळ्यातले निम्मे मासे अंगावर लाल फोड येऊन मेले होते. जिवाणूंचा रोग. "एकेकाला सुई कोण टोचत बसणार? तू?" ताई टॅक्सीत म्हणाली. म्हणून तिने लस खाद्याच्या गोळ्यांना तेलात चोळली होती. हिवाळाभर खपून केलेली, झाकणाच्या दोन बादल्या, एका डोसापुरती. माशांनी लगेच खाल्ली नाही तर पाण्यात धुऊन जाणार.

तळ्याकाठी शामियाना होता आणि लाल फीत. तळ्याला फीत कशी बांधतात हे मला तिथे कळलं: दोन बांबूंना. मालक गुरमीतसिंगांनी आधी पराठे आणि पांढरं लोणी खाऊ घातलं. नको म्हणायची सोय नव्हती. मग प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या सरकारी साहेबांनी फीत कापली, मूठभर गोळ्या फेकल्या. टाळ्या झाल्या. गोळ्या तरंगत राहिल्या.

"मछलियाँ कल से भूखी हैं ना?" ताईने विचारलं.

गुरमीतसिंगांची बीजी (आई) खुर्चीतून म्हणाली, "भूखी? घर मेहमान आने थे, पुत्तर! सवेरे मैंने पेट भर के खिलाया."

"बाकी भी डाल दो," साहेब म्हणाले. "फोटोग्राफर खड़ा है."

"कल डालेंगे, सर."

"प्रोग्राम तो आज का है."

"मछलियों को बता दूँगी, सर," म्हणत ताई बादलीवर बसली. मग माझ्याकडे वळून, "नुसता बघतोयस काय? बस की दुसरीवर!"

बसलो. साहेबांची गाडी धुळीत दिसेनाशी होईपर्यंत आम्ही उठलो नाही.

बीजीने माशांना उपाशी ठेवायचं कबूल केलं, पण एकटीने जेवणं तिला पटेना. रात्री तीही जेवली नाही. सकाळी गोळ्या पडताच तळं उकळल्यासारखं झालं. बादल्या रिकाम्या झाल्या, तेव्हा ताईने पहिल्यांदा चहा मागितला.

परतीच्या गाडीत वाटलं, तोंडाने द्यायची लस घेणाऱ्याच्या भुकेवर चालते, आणि भूक कार्यक्रमपत्रिका वाचत नाही. ताईला हे आता पक्कं ठाऊक आहे. महिन्याभराने दुसरा डोस आहे. साहेबांना रीतसर निमंत्रण गेलं आहे, त्याच्या दुसऱ्या दिवसाचं.