समजा, पुन्हा जोड लागली

अडाण नदीच्या काठानं वर वर चालत गेलं, की शेलूबाजाराच्या अलीकडं बोरखेडी लागते. तिथली वांगी त्या काळी कारंज्याच्या बाजारात गावाचं नाव सांगून विकली जात, आणि त्यातली निम्मी चंपत माळ्याच्या मळ्यातली असत. तरी पंचक्रोशीत चंपतला कोणी वांग्यांवरून ओळखत नसे. त्याला ओळखत ते त्याच्या नजरेवरून.

वाफ्यात रात्री साळिंदर शिरलं की शेजाऱ्याची गाय, हे तो ठशावरून सांगे. गाय गाभण आहे का, लंगडते का, भुकेनं आली की कोणी मुद्दाम हाकलली, हेही सांगे. पोर हिरी लहान असताना तो ओल्या वाफ्यातून चालून जाई आणि मागं वळून विचारी, "हिरे, हा कोनाचा पाय?" ती कमरेवर हात ठेवून म्हणे, "तुमचाच, बाबा. करंगळी कुठं हाय त्याले?" तरुणपणी बाभूळ तोडताना कुऱ्हाड निसटली होती आणि उजव्या पायाची करंगळी गेली होती. बापलेकीचा तो रोजचा खेळ होता.

हीच नजर चंपतनं आखाड्याकडं वळवली. बोरखेडीचा आखाडा मारुतीच्या देवळापुढं, चंपतच्या मळ्याला लागूनच होता. गावाचा नेम असा, की कुस्ती झाल्यावर त्या दिवशी माती हलवायची नाही. उजाडेपर्यंत ती मारुतीची. सकाळी पंच येत, नारळ फोडत, आणि मग कुठं कुदळ लागे. पंचांच्या हुकुमाशिवाय त्या मातीत पायही कोणी घालत नसे. कुदळ लागायच्या आधी चंपत काठावर येऊन उकिडवा बसे. कोणाची टाच कुठं रुतली, कोणाचा खांदा किती खोल गेला, कोण दमून घसरला आणि कोण डाव म्हणून, हे सगळं तो शांतपणे पाहून घेई. मग पारावर कोणी विचारलं, की यांची पुन्हा जोड लागली तर काय होईन, तर तो एका वाक्यात सांगे. त्याचं सांगणं कधी उलटलं नव्हतं. त्याबद्दल त्यानं कोणाची सुपारीही घेतली नाही.

"माही जीभ म्हंजे बाजारातली वांगी नोहे," तो म्हणे. या एका गोष्टीचा त्याला फार ताठा होता.

हिरीला त्यानं गावातल्याच जगदेवला दिली होती. जगदेव पैलवान होता, मळ्यात राबणारा, हसतमुख. त्या साली नागपंचमीला त्यानं तांड्यावरच्या लालसिंगला पाडलं आणि गावाचं चांदीचं कडं हातात घातलं. लालसिंग कारंज्याच्या तालमीत तयार झालेला. बराच वेळ दोघं मातीत घुमत राहिले. मग जगदेवनं त्याला ढाकेच्या डावावर घेतलं आणि दोघंही एकदम खाली आले, पण लालसिंगची पाठ मातीला लागलेली साऱ्यांना दिसली. हलगी कडाडली. हिरीनं सुनांच्या घोळक्यातून पदराआड डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी चंपत काठावर बसला, आणि नेहमीपेक्षा फार वेळ बसला.

लालसिंगच्या पाठीचा ठसा स्वच्छ होता. त्याच्या शेजारी एक खळगा होता, दुधी भोपळा दाबून काढावा तसा खोल. तो जगदेवच्या डोक्याचा. दोघांचं वजन त्या एका डोक्यावर, मानेवर आलं होतं. त्यानंतर जगदेव उठून नाचला होता, आणि नाचाची पावलं मातीत होती. उजव्या पावलाची बोटं रुतली होती. डाव्याची एकही रुतली नव्हती. डाव्या पायानं मातीत एक रेघ ओढली होती, दोरीनं बांधलेलं लाकूड ओढत न्यावं तशी.

चंपत घरी आला. बायको गिरजाबाईनं भाकर वाढली, ती त्याच्या हातात तशीच राहिली.

"काय दिसलं?" तिनं विचारलं.

"काई नाई," तो म्हणाला.

त्यानं ते मनात ठेवलं, आणि जगदेवला एवढंच सांगितलं, की आता कडं मिळालं, पोटापुरता मळा आहे, तालीम पुरे कर. जगदेव हसला. म्हणाला, "मामाजी, तुमी तं मले आताच म्हतारा करून राह्यले."

बोरखेडीत हरणाऱ्याला एकदाच पुन्हा जोड मागता येत असे, तीही माघातल्या जत्रेच्या आत, आणि ती जत्रेतच लागे. मागायची तर मारुतीपुढं विडा ठेवायचा. कडं असलेल्यानं तो दिवस मावळायच्या आत उचलायचा. नाही उचलला तर कडं गेलं, आणि पैलवान भ्याला हे नाव जन्मभर राहिलं. पण लालसिंगनं दिवाळीपर्यंत विडा ठेवला नाही. तो जऊळक्याच्या स्टेशनावर कापसाच्या गाड्या नेतो, तालमीकडं फिरकत नाही, असं लोक सांगत. चंपतच्या जिवावरचं ओझं हळूहळू उतरत होतं.

पौषातल्या एका दुपारी पारावर दहा माणसं ऊन खात बसली होती. गुलाबराव पाटीलही होते. तेव्हा लालसिंगचा थोरला भाऊ बाबूसिंग आला. बैल विकत घ्यायला आलो म्हणाला. तंबाखू मळली, सगळ्यांना दिली, पीकपाण्याचं बोलला. मग सहज चंपतकडं वळला.

"चंपतभाऊ, आमच्या लालसिंगानं तं कुस्ती सोडली. आता गाडीवान झाला तो. पन मनात राह्यलं म्हून इचारतो. समजा, पुन्हा जोड लागली असती, तर?"

चंपतनं तंबाखूची चिमूट दाढेत धरली.

"राहू दे," कोणीतरी म्हणालं. "जावयाची गोष्ट हाय. तिथं चंपतभाऊची नजर बी दबते."

"हो ना," पाटील हसले. "जावई म्हंजे डोयातलं कुसळ. माती कुठून दिसन?"

पार हसला. चंपतचे कान तापले. इतक्या वर्षांत त्याच्या नजरेला कोणी बोल लावला नव्हता. आणि ही तर समजा म्हणायची गोष्ट होती, हवेतली. लालसिंग गाड्या हाकत होता.

"समजाच म्हनता ना?" तो म्हणाला. "तं ऐका. पुन्हा लागली असती तं लालसिंग पाडतो. जगदेव उठत नाई."

बाबूसिंग उठला. त्यानं पागोट्याच्या घडीतून पानाचा विडा काढला. घरूनच बांधून आणलेला होता. देवळाची पायरी चढून त्यानं तो मारुतीपुढं ठेवला आणि परत येऊन चंपतच्या पायांना हात लावला.

"तुमच्या तोंडून ऐकल्याबिगर ठेवनार नव्हतो," तो म्हणाला. "भाऊ माहा पुन्हा पडला असता तं तांड्यात तोंड दाखवलं नसतं त्यानं."

चंपत मळ्याकडं धावत गेला असं लोक सांगतात. जगदेव मिरच्या खुडत होता.

"इडा ठेवला बाबूसिंगानं. तू उचलू नोको."

"समजलं मले. पारावरचं बोलनं पायापेक्षा लवकर येते." जगदेव वर न बघता म्हणाला, "तुमीच म्हनलं मी पडतो. आता नाई उचलला तं लोक काय म्हनतीन? सासऱ्यानं सांगतलं अन् जावई पदराखाली लपला."

"चुकलो मी. माती निरखून पाह्यली नाई."

जगदेवनं त्याच्याकडं बघितलं. "तुमी चुकत नसता, मामाजी. उगी खोटं कायले बोलता? जमत नाई तुमाले."

आपली नजर चुकली असं चंपत आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि ते कोणी घेतलं नाही. ऊन उतरायच्या आत जगदेवनं विडा उचलून तोंडात घातला.

मग दिवस जत्रेकडं सरकू लागले. जगदेव जोर काढी, बैठका मारी, गाव त्याला दूध पाजी. एका सकाळी हिरी आईकडं आली. तिच्या हातात जगदेवची वहाण होती, डाव्या पायाची.

"बांधावर सापडली," ती म्हणाली. "काल बी सापडली होती. पायातून निंगते अन् त्याईले मालूमच पडत नाई. तसेच चालत राह्यतेत."

गिरजाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. चंपत विळ्याला धार लावत होता, तो लावतच राहिला.

हिरीनं वहाण उलटी केली. टाचेचा भाग नवा होता, पुढचा घासून नुसतं पातळ कातडं उरलं होतं. "बाबा," ती म्हणाली, "पाय ओढतेत का ते?"

"पैलवानाची चाल तशीच असते," चंपत म्हणाला. हिरी वहाण घेऊन निघून गेली.

चंपत पाटलांकडं गेला. जोड मोडा म्हणाला, पोराची मान दुखावलेली आहे. पाटील म्हणाले, "शेलूबाजारात दवंडी झाली. तांड्याची मानसं येनार, पाल ठोकनारे आले. आता मारुतीनंच मोडली तं मोडली. दोन सालाखाली सावनात नाई का, माती ओली झाली तं दोनदा पुढं ढकलली होती. ओल्या मातीवर धरत नसतेत. पन माघात पानी कुठचं?"

पाटील सहज बोलले. चंपत मात्र तिथून उठताना वेगळाच उठला.

जत्रेच्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळी त्यानं मोट जुंपली. रोजच जुंपत असे, कोणाला नवल वाटलं नाही. पाणी पाटानं वांग्यांकडं निघालं. मारुतीच्या मागून पाट जातो तिथं त्यानं फावड्यानं बांध फोडला. पाणी आखाड्यात शिरलं, पण एकाच कोपऱ्यात साचू लागलं. माती उकरून, तेल-ताक-हळद घालून लोण्यासारखी केलेली होती. चंपतनं मारुतीकडं बघितलं नाही. तो आत उतरला, मधोमध गेला, फावड्यानं दांड, बारीक चर, पाडत पाणी चारी अंगाला पसरवलं, आणि परत येऊन मोटेवर उभा राहिला. सूर्य वर आला तेव्हा आखाड्यात घोटाभर पाणी चमकत होतं.

पंच काठावर जमले. कोणी म्हणालं खेकड्यानं पाट पोखरला. कोणी म्हणालं अपशकुन. बायांनी बोटं मोडली. पाटलांनी डोकं हलवलं आणि म्हणाले, "मोडली बाप्पा जोड. देवाची मर्जी."

चंपतनं डोळे मिटले.

तेवढ्यात जगदेव पुढं आला. लंगोट कसलेला, अंगाला तेल. बाबूसिंगच्या माणसांतून कोणीतरी हसलं होतं, की बरोबर त्याच मळ्याचं पाणी फुटलं, जावयाचं नशीब चांगलं. जगदेवनं ते ऐकलं होतं.

"मारुतीची माती ओली हाय," तो म्हणाला. "पाटलाचं खळं तं कोरडं हाय. तिथं धरू."

पाटलांच्या खळ्यावरची ज्वारी नुकतीच उचलली होती. महिनाभर बैलांच्या खुरांनी तुडवलेलं, शेणानं सारवलेलं, बोट वाजवलं तर टणटण वाजेल असं. गडी धावले, वर तुरीचं कुटार, मळणीतला भुसा, पसरलं. लोकांना कुस्ती हवी होती. कोणी नको म्हणालं नाही.

चंपत गर्दी फोडून पुढं आला. "थांबा," तो म्हणाला.

"काहून, मामाजी?" जगदेवनं विचारलं.

सगळं खळं त्याच्याकडं बघत होतं. चंपतनं तोंड उघडलं. पाणी मी सोडलं एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की सासऱ्यानं जावयासाठी देवाची माती भिजवली, हे जगदेवच्या कपाळी लागणार होतं. आणि ज्या माणसाची जीभ कधी विकली नाही, त्याचा हात चोर ठरणार होता. या दोहोंतलं कोणतं त्याच्या गळ्यात अडकलं, ते तोच जाणे.

"खाली बसा, मामाजी," जगदेव हळू आवाजात म्हणाला. "लोक हसून राह्यले."

चंपत खाली बसला.

हलगी सुरू झाली. लालसिंग सावध होता, जपून खेळत होता. जगदेवनं डावा पाय रोवला आणि तो कुटारावरून सरकला. लालसिंगनं नुसतं कमरेला धरून फिरवलं. फार जोरही लावला नाही. मऊ मातीत असतं तर पैलवानानं उठून अंग झाडलं असतं. खळ्यावर जगदेवची मान पडली तेव्हा आवाज आला, हलगीवर टिपरू मोडावं तसा. हलगीवाल्यानं आधी आपल्याच हाताकडं बघितलं.

लालसिंगनं हात वर केले नाहीत. तो गुडघ्यावर बसला आणि जगदेवचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत राहिला, "ऊठ गड्या. ऊठ ना."

जगदेव जिवंत होता. डोळे फिरवत होता, ओठ हलवत होता. मानेखालचं सगळं दुसऱ्याच कोणाचं असल्यासारखं पडून होतं. बाज आणून त्याला घरी नेलं. वाटेत लोक चंपतपासून जरा अंतर ठेवून चालत होते. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "म्हनला तसंच झालं. काळ्या जिभेचा हाय." एकानं आपल्या पोराला चंपतच्या सावलीतून ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चंपतचे पाय सवयीनं निघाले. खळ्यावर गेला. कुटार वाऱ्यानं कडेला गेलं होतं. चिमण्या दाणे टिपत होत्या. सारवलेल्या जमिनीवर टाचेचा, खांद्याचा, डोक्याचा कसलाही ठसा नव्हता. तिथं काही झालंच नव्हतं जणू.

तो देवळाकडं वळला. आखाड्यातलं पाणी रात्रीतून जिरलं होतं. काठावर हिरी उभी होती. रात्रभर जागलेली, पदर विस्कटलेला. ती त्याच्याकडं न बघता मातीकडं बघत होती.

ओलसर गुळगुळीत मातीत पावलांची एक रांग बांधापासून मधोमध गेली होती आणि तशीच परत आली होती. शेजारी फावड्यानं पाडलेले दांड. माती लोण्यासारखी केलेली, म्हणून एकेक बोट वेगळं उमटलं होतं.

चंपत जवळ येऊन थांबला. हिरीनं कमरेवर हात ठेवला नाही. आवाजही चढवला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "हा कोनाचा पाय?"