दादांनी जोडलेली मेथड

"प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या मूळ लायब्ररीत हात घालायचं काय नडलं होतं कुणाचं?" नवा टीम लीड शेजारच्याला म्हणत होता. "नवीन व्हर्जनवर सगळं बोंबललंय की. काढून टाका ते."

तो बोलत होता ते आमच्या सीनियर दादांच्या कोडबद्दल. दादा हुपरीचे, गेल्या वर्षी वारले. आमचं सॉफ्टवेअर तिथल्याच चांदी कारागिरांसाठी आहे. पैंजण जोडीनं मोजतात, आणि एखादा सुटा उरला की माझं कोड चुकायचं. मी नवी होते, विचारायला लाजायचे. त्याच चार ओळी प्रत्येक फाईलमध्ये पुन्हा चुकत लिहायचे. दादांनी ते पाहिलं, पण मला काही बोलले नाहीत. त्यांनी भाषेच्या मूळ लायब्ररीत जाऊन आकड्यांनाच एक छोटी मेथड, म्हणजे एक तयार हिशेब, जोडून दिली. मग कुठल्याही आकड्यापुढे एक शब्द लिहिला की जोड्या बरोबर यायच्या. मी त्यांना साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

टीम लीडचं चुकत नव्हतं. मूळ लायब्ररीला हात लावू नये, हे मला दादांनीच शिकवलं होतं.

मी खुर्ची वळवली.

"मी काढते," मी म्हणाले. "दादांनी ते माझ्यासाठी केलं होतं."