अनुमोदक सर

आमच्या कॉलेजात त्यांचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. सगळे त्यांना अनुमोदक सर म्हणत. ते इतिहासाचे विभागप्रमुख. विभागात एकटेच, त्यामुळे स्वतःचेच प्रमुख. संस्थेच्या बैठकीत कुणीतरी ठराव मांडायचा आणि सरांनी हात वर करून "माझं अनुमोदन" म्हणायचं, असा रिवाजच पडला होता. पार्किंगची फरशी असो की अध्यक्षांच्या वाढदिवसाचं अभिनंदन, सरांचा हात वर.

मी चिडायचे. "सर, निदान ऐकून तरी घ्या!" ते हसायचे. "अगं, देवळात आधी घंटा वाजवायची, मग मागायचं." खोटं नव्हतं ते. तासाच्या पैशांवर राबणाऱ्या आम्हा पोरांच्या नेमणुकांच्या मान्यता त्यांनी अशाच घंटा वाजवून मिळवल्या. माझी नोकरी कायम झाली ती त्यांच्यामुळे. स्वतःसाठी या माणसाने साधा पंखासुद्धा मागितला नाही.

त्यांचा सगळा जीव बीएच्या पहिल्या वर्षात. पनवेल-उरणकडच्या गावांतल्या मुली तिथे यायच्या; घरचे त्यांना एका रिक्षाच्या अंतरापलीकडे पाठवत नसत. दर मे महिन्यात सर उन्हातान्हात दारोदार फिरून प्रवेश जमवायचे. "पोरगी वर्गात येऊन बसली की निम्मं काम झालं," म्हणायचे.

गेल्या वर्षीच्या बैठकीत बटाटेवडे आले होते आणि चिटणीस भराभर वाचत होते. सर माझ्या कानाशी प्रणालीबद्दल सांगत होते. बारावी दिलेली, शिकायची फार हौस असलेली मुलगी. वाचन थांबलं, तसा सवयीने त्यांचा हात वर गेला. "माझं अनुमोदन." चिटणीसांनी ठराव सरांच्या नावासकट पुन्हा वाचला. ठराव होता बीएचं पहिलं वर्ष बंद करून त्या वर्गाची खोली नव्या मॅनेजमेंट कोर्सला देण्याचा.

सर ताडकन उठले. "दादा, माझं लक्ष नव्हतं. मी मागे घेतो."

अध्यक्षांनी, म्हणजे दादांनी, वडा खाली ठेवला. जमिनीच्या व्यवहारात मुरलेला माणूस तो. "सर, झाला तो ठराव झाला. फिरवला तर आपलंच हसं होईल. पोरी आणा भरपूर, मग बघू."

त्या 'मग बघू'च्या भरवशावर सर वेड्यासारखे फिरले. ब्लडप्रेशरची गोळी विसरायचे, जेवण विसरायचे. माझा जीव तुटायचा. प्रणालीच्या घरी मी त्यांच्याबरोबर होते. तिचे वडील म्हणाले, "सर, हितं असंल तर धाडू. लांब नाय. नायतर लगीन लावून टाकू." सरांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "वर्ग होणार." मला धडकीच भरली.

मुली जमल्या, अगदी वर्ग भरेल इतक्या. तोवर त्या खोलीत एसी लागला होता. दादा फोन उचलेनात. सर त्यांच्या ऑफिसबाहेर ताटकळत बसायचे, त्यांच्या तळोज्याच्या बांधकामाच्या साइटवरही जाऊन आले. भेट काही झाली नाही. दिवाळीनंतर सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाचा हारसुद्धा नको म्हणाले.

माघात प्रणालीचं लग्न झालं. "नका येऊ, सर," मी विनवलं, तरी आलेच. स्टेजवर पोचलो तशी ती खाली वाकली, सरांच्या पाया पडली. मुंडावळ्या बाजूला सारत हळूच म्हणाली, "सर, वर्ग चालू झाला काय? आमचे हे धाडतो म्हनतान."

सरांनी नुसताच तिच्या डोक्यावर हात ठेवला. मागे आहेर द्यायला रांग खोळंबली होती. शेवटी मीच म्हणाले, "नाही गं. बंद झाला."