वॉल्टरच्या कुरणातल्या अकरा झेंड्या

"झेंड्या नको लावूस," वॉल्टर म्हणाला.

आयोवातल्या त्याच्या कुरणात मी खुणेच्या नारिंगी झेंड्यांचा जुडगा घेऊन उभी होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शेजारचा रस्ता रुंद करायचा होता. त्याआधी तिथे काही दुर्मीळ उगवतं का, हे बघायचं काम आमच्या कन्सल्टिंग कंपनीकडे होतं. मी पुण्याहून वनस्पतिशास्त्र शिकून आलेली, नोकरीत नवी आणि नको तितकी टापटिपीची.

गवतात मला प्रेअरी ऑर्किडची अकरा झाडं सापडली. प्रेअरी म्हणजे इथलं मूळचं गवताळ माळरान, आता बहुतेक नांगराखाली गेलेलं. गुडघाभर दांडा, पांढरी फुलं, पाकळ्यांना झालर. आनंदाने मी चिखलातच बसकण मारली.

वॉल्टर सत्तरीचा. त्याची बायको एडना दर जुलैत ही फुलं मोजायची. ती गेल्यावर तो मोजू लागला. बी पडेपर्यंत तिथलं गवत कापायचा नाही.

"चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही, म्हणून ती आहेत," तो म्हणाला.

मी त्याच्याच स्वयंपाकघरातून बॉसला फोन लावला. जोशी सर, नागपूरचे.

"अगं, फ्लॅगिंग ही प्रोसीजर आहे. हायवेवाले इन्स्पेक्शनला येतील, त्यांना काय दाखवणार? लावून टाक."

मलाही ते पटलं, हे कबूल करायला हवं. प्रत्येक झाडाशी एकेक झेंडी खोचली. रस्त्यावरूनही ठळक दिसत होत्या.

आठ दिवसांनी जोशी सर आणि मी हायवेवाल्यांबरोबर इन्स्पेक्शनला गेलो. अकराही झेंड्या जागच्या जागी, आणि प्रत्येकीशेजारी एक खड्डा. कुणीतरी बागेत लावायला झाडं खणून नेली होती. बागेत ती जगत नाहीत. मुळांना त्या मातीतलीच बुरशी लागते. म्हणजे चोराच्या हातीही काही लागलं नसणार.

"झाडं तर नाहीतच," हायवेचा माणूस म्हणाला आणि त्याने रस्त्याच्या मंजुरीच्या फॉर्मवर सही केली.

जोशी सर हळूच म्हणाले, "तुझी मिस्टेक नाही गं. प्रोसीजर फॉलो केलीस." मला रडू आवरेना.

वॉल्टरने मला बोल लावला नाही. एकेक झेंडी उपटली, माती पुसली आणि जुडगा माझ्या हातात दिला.

"बरं झालं, एडना नाही," एवढंच म्हणाला.

त्यानंतर तीस वर्षं मी हेच काम केलं. झाडाची जागा कुंपणाच्या खांबापासून पावलं मोजून वहीत लिहायची, जमिनीवर खूण करायची नाही. जो ते झाड सांभाळत आलाय त्याचं आधी ऐकायचं, बॉसचं नंतर.

त्या झेंड्या मी ऑफिसच्या स्टोअरमध्ये परत केल्या. रजिस्टरमध्ये लिहिलं: अकरा नग, सुस्थितीत.