ट्रॉली आणि पुढची सीट

दिवाळी सरली की मुकादमाचा ट्रॅक्टर गावात यायचा आणि आमचं घर ट्रॉलीत चढायचं. पातेली, गोधड्या, दोन कोंबड्या आणि त्यावर आम्ही. ऊस तोडायला कारखान्याकडे, दिवसभर धूळ खात. एका वर्षी आईच्या अंगात ताप होता. पुढं ड्रायव्हरशेजारी बसू का, असं तिनं विचारलं. मुकादम म्हणाला, "ट्रॉलीच्या माणसांनी ट्रॉलीतच बसायचं." वडिलांनी तिला हात देऊन ट्रॉलीत चढवलं.

मी शिकलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि नव्वदच्या दशकात बहरीनला एका वर्कशॉपमध्ये इंजिनिअर म्हणून लागलो. हे मी मिरवतो, आणि का मिरवू नये?

तिथं सुट्टीचे शुक्रवार घालवून मी भंगारातली एक जुनी अमेरिकन गाडी उभी केली. लांब नाकाची, अजून दणकट. मग बुदैया गावच्या एका मळ्यात, मायदेशी परतलेल्या इंग्रज जोडप्यानं सोडलेला ट्रेलर सापडला. गोल पाठीचा, पत्र्याचा, आत पलंग आणि छोटा ओटा. हिवाळ्यात तिथले लोक वाळवंटात मुक्काम करतात. आई व्हिजिट व्हिसावर आली होती, तिला तसं न्यायचं माझ्या मनात होतं.

ट्रेलर जोडून बिल्डिंगखाली आणला, तर आमच्या मजल्यावरचे पुण्याचे अकाउंटंट तिथंच उभे. माझं लहानपण मीच त्यांना एकदा चहा पिताना सांगितलं होतं. ट्रेलरभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, समुद्र ओलांडलात, पण बिऱ्हाड शेवटी ट्रॉलीतच हं." आजूबाजूचे हसले.

"आई मागं उभी आहे," मी म्हणालो. "तिच्याकडं बघून म्हणा परत."

"अहो, गंमत केली. लगेच काय चिडता?"

मला आजही संताप येतो. विश्वासानं सांगितलेली गोष्ट या माणसानं जपून ठेवली, ती चार लोकांत फेकून मारायला. त्यांच्या घरात आजोबांपासून सगळे पदवीधर. त्यात यांनी स्वतः काय केलं? आणि यांच्या गमती नेहमी आमच्याच जिवावर का?

आई त्या एका शब्दावर अडून बसली. "म्या न्हाई यायची. लई वर्सं बसले ट्रॉलीत."

"आई, गाडी चालू असताना त्यात कुणी बसतच नाही."

"मग म्या कुठं बसू?"

"पुढं. माझ्याशेजारी."

ती गाडीकडे बघत राहिली. "अन् मुकादम?"

"मुकादम मीच."

"मग आधी ती सीट पूस. लुगड्याला ग्रीस लागंल."

शुक्रवारी सकाळी हुक, साखळ्या, मागचे दिवे पुन्हा तपासले आणि निघालो. ट्रेलर जड होता, चढाला इंजिन कुरकुरायचं. आई सारखी मान वळवून बघायची. "येतंय का रं ते मागनं?" सिग्नलला शेजारच्या पिकअपमधला म्हातारा बहरीनी आमची वरात बघून हसला आणि तिला हात करून म्हणाला, "यल्ला, हज्जिया!"

"काय म्हनला त्यो?"

"म्हणाला, चला आजी."

आईनं पदर नीट केला आणि त्याला हात केला.

आई त्या दिवशी पुढच्या सीटवर बसून वाळवंटात गेली आणि दुसऱ्या दिवशी पुढच्याच सीटवर बसून परत आली.